शहात्तर पावलं

आमच्या घरातल्या एका कापडाला तीन नावं आहेत. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या चित्रकलेच्या प्राध्यापक बाई त्याला कलाकृती म्हणतात, सासूबाई फडकं म्हणतात आणि मी नकाशा म्हणायचो. माझी सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली. साखळी, टेप आणि कागद घेऊन मी नाशिक जिल्ह्याच्या बांधाबांधांवरून हिंडलो. भाऊ भाऊ एकमेकांची डोकी फोडायला निघाले की मधे उभं राहून हद्द दाखवायची, हे माझं काम. अशा माणसाला निवृत्तीनंतर घरातल्या हॉलमध्येच एक अख्खं गाव मोजायला मिळालं, तर तो गप्प बसेल का? मी बसलो नाही, आणि माझी चांगली जिरली.

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या. त्यांना मुलगा नाही. एकुलती एक मुलगी, ती माझी बायको. जावयाच्या घरी कायमचं राहायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं. पहिले सहा महिने त्यांनी लुगडी कपाटात ठेवलीच नाहीत, पिशवीतच घड्या करून ठेवली. जणू उद्या सकाळच्या एसटीनं निघायचंय. त्या कळवणकडच्या. त्यांचं सासरचं गाव त्यांच्या तरुणपणीच धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि सगळे चार कोसांवरच्या माळावर नव्या गावठाणात राहायला गेले. बोली अहिराणी; 'आहे'ला 'शे' म्हणतात आणि 'मला' ऐवजी 'माले'. मी सायखेड्याचा, गोदाकाठचा, 'लय' आणि 'नाय'वाला. लग्नानंतर वर्षभर मी सासुरवाडीत नुसती मान डोलवत होतो. त्यामुळे जावई फार समजूतदार आहे, अशी माझी ख्याती झाली.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डावा डोळा गेल्यातच जमा होता. उजव्याची नजर कडेकडेनं मिटत चालली होती. थेंबांनी ते मिटणं हळू होईल, पण गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घरी आल्यावर सासूबाईंनी आपली पत्र्याची पेटी उघडली, सासऱ्यांची दोन पांढरी धोतरं बाहेर काढली आणि लेकीला सुई मागितली.

"डोया शेतस तोपावत गाव करी लेस," त्या म्हणाल्या. डोळे आहेत तोवर गाव करून घेते.

मला वाटलं, म्हातारीला करमत नसेल, चार दिवस सुई-दोऱ्याशी खेळतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दोन्ही धोतरं एकमेकांवर अंथरलेली, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवलेली. त्यातलं एक वजन म्हणजे आमचा वरवंटा. त्या दिवशीची चटणी मिक्सरमध्ये झाली आणि पुढे वर्षभर मिक्सरमध्येच होत राहिली. बायको बँकेत जाण्यापूर्वी वीस-पंचवीस सुयांमध्ये दोरे ओवून खिडकीच्या पडद्याला ओळीनं टोचून ठेवायची. सासूबाई एकेक सुई चाचपून काढायच्या आणि सकाळचं ऊन हॉलमध्ये असेपर्यंत शिवायच्या. ऊन सरकलं की हात थांबवायच्या. मी चहाचा कप घेऊन बाजूला खुर्चीवर. फुकटचा पर्यवेक्षक.

महिनाभरात माझ्या लक्षात आलं की या गावाला छपरंच नाहीत. भिंती नाहीत, खिडक्या नाहीत. नुसते उंबरे. लुगड्याची बोटभर रुंद पट्टी म्हणजे एक उंबरा. कुठला हिरवा, कुठला जांभळा, कुठला वांगी रंगाचा. ज्या घरच्या बाईच्या अंगावर जो रंग नेहमी असायचा तो तिच्या उंबऱ्याला. रंग मिळाला नाही तर लेकीचं कपाट होतंच. बायकोची एक आमसुली पैठणी अशीच पदराकडून चार बोटं कमी झाली. ती दिवसभर धुसफुसत होती आणि संध्याकाळी स्वतःच आणखी एक साडी आणून आईपुढे ठेवली. उंबऱ्यांच्या मधे दगड, सांडपाण्याचे ओहोळ, जनावरं बांधायचे खुंटे, सगळं टाक्यांनी काढलेलं. एका उंबऱ्याचा कोपरा तुटका होता. तो त्यांच्या स्वतःच्या घराचा.

"आई, घरं कुठायत? छपराशिवाय गाव कसं होईल?" मी विचारलं.

"वर दखानी चाल नव्हती, जावईबुवा. डोकावर पदर, नजर खाले."

सोळाव्या वर्षी त्या सून होऊन त्या गावात आल्या, आणि पुढची आठ-नऊ वर्षं त्यांनी ते पायांनी आणि पदराखालच्या नजरेनं पाहिलं. कुणाच्या घराची कौलं कशी होती हे त्यांना सांगता येत नाही. पण कुणाच्या दारापुढचा दगड पावसाळ्यात निसरडा व्हायचा, ते अजून सांगतात. मी इतकी गावं मोजली, त्यांतल्या एकाही गावचा एकही उंबरा मला आठवत नाही. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं आणि जरा लाज वाटली.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. एकदा त्या आंघोळीला गेल्या असताना मी भिंग घेऊन कापडावर बसलो आणि टाके मोजले. त्यांच्या दारापासून विहिरीपर्यंत टाक्यांच्या दोन समांतर ओळी होत्या, एक जायची, एक यायची. जायच्या ओळीत एकशेवीस टाके, यायच्या ओळीत एकशेऐंशी. मला पकडलेल्या चोरासारखा आनंद झाला. म्हणजे चोर पकडल्यासारखा म्हणायचं होतं, पण पुढे जे झालं त्यावरून पहिलंच बरोबर.

"आई, जाताना एकशेवीस आणि येताना एकशेऐंशी. विहीर काय रोज मागं सरकायची का?"

त्यांनी सुई थांबवली नाही. "भरेल हांडा डोकावर लिसन चाला, मंग समजी."

भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चाला, मग समजेल. त्यांचा एक टाका म्हणजे त्यांचं एक पाऊल होतं. रिकामा हंडा घेऊन जाताना पाऊल लांब पडतं, भरलेला घेऊन येताना तोलून, आखूड पडतं. म्हणून येतानाचे टाके बारीक आणि जास्त. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीची पावलं या बाईच्या अंगात मोजून ठेवलेली होती. आमच्या खात्यात दोन ठिकाणांमधलं अंतर कुणी मोजलं, रिकाम्या हातानं की ओझं घेऊन, याला काही किंमत नसते. मी नोकरीभर जे अंतर मोजलं ते कुणीच चाललेलं नव्हतं, असं मला वाटून गेलं. खालच्या प्राध्यापक बाईंना मी हे सांगितलं तर त्या धावत वर आल्या. तोवर त्या दोन ओळींना त्या 'रचनेतली लय' वगैरे म्हणत होत्या. आता त्या कापडापुढे मांडी घालून बसल्या आणि बोटानं विहिरीपर्यंत जाऊन परत आल्या. जाताना म्हणाल्या, आमच्या कॉलेजच्या प्रदर्शनात हे लावू द्या. सासूबाई म्हणाल्या, आधी पुरं होऊ द्या.

पुरं होण्यात एकच अडचण दिसत होती. त्यांच्या घराच्या मागच्या दाराबाहेर हातभर जागा कोरी होती. बाकी गाव भरत आलं. देवळापर्यंतची वाट झाली, नदीवर धुणं धुवायची वाट झाली, दळणाची वाट झाली. देवळाची आणि नदीची टाक्यांची ओळ चावडीपाशी आल्यावर मागून वळसा घालून जायची, कारण चावडीपुढून बायकांनी जायचं नसे. मागची जागा मात्र तशीच. इकडे त्यांची नजर कमी होत चालली होती. सुई बोटात टोचायची, पांढऱ्या धोतरावर रक्ताचा ठिपका पडायचा. मला वाटलं, मागचं आठवत नसेल, संकोचानं सांगत नसतील. आपण मदत करावी.

मोजणीच्या माणसाला कोरी जागा सोसत नाही. मी एका जुन्या सहकाऱ्याकडून त्या बुडालेल्या गावच्या नकाशाची प्रत मिळवली, आणि एका दुपारी त्या झोपल्या असताना शिंप्याच्या खडूनं ती कोरी जागा भरून टाकली. ओहोळ काढला, बांध काढले, शेताची हद्द काढली. अगदी प्रमाणात. उठल्यावर मी मोठ्या ऐटीत त्यांचं बोट धरून खडूच्या रेषेवरून फिरवलं. "हा तुमचा मागचा ओहोळ, आई. आता नुसते यावरून टाके घाला, की झालं."

त्यांनी बोट काढून घेतलं. वरवंटा उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, कापडाची घडी केली आणि पेटीत टाकली. नंतर आठ दिवस पडद्याला टोचलेल्या सुया तशाच होत्या. नजर उरलेल्या दिवसांतले आठ दिवस माझ्या शहाणपणापायी वाया गेले, याची मला आजही चुटपुट आहे.

नवव्या दिवशी बायकोनं मला गॅलरीत बोलावलं. "तुम्ही काय केलंत ते तुम्हाला माहीत नाही," ती म्हणाली. "माझ्या आधी एक मुलगी झाली होती. नऊ दिवसांची होऊन गेली. बारसं झालं नव्हतं, म्हणून तिला नावही नाही. आईनं मला हे एकदाच सांगितलंय, माझ्या पहिल्या बाळंतपणात."

मी आत गेलो, सासूबाईंसमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "आई, माझं चुकलं." त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं. मग तुटक तुटक, आपल्या बोलीत त्यांनी सांगितलं ते असं. बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, अशी रीत. मूल गेलं तेव्हा त्या खोलीतच होत्या. माझे सासरे तेव्हा भुसावळकडे रेल्वेच्या कामावर. पोरीला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून त्यांचे सासरे मागच्या दारानं घेऊन गेले, बरोबर धाकटा दीर. कुठे ठेवलं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सासऱ्यांशी सुनेनं बोलायचं नसे, आणि दिराला विचारायचं म्हणजे जुनं उगाळत बसली असं झालं असतं. चार-पाच वर्षांत पाणी आलं. गावानं वाजतगाजत मारुती नेला, म्हसोबा नेला, घरांचे वासे आणि दारं बैलगाड्यांतून नेली. त्यांनी चूल लिंपायचा दगडसुद्धा नेला. पोर राहिली.

"तुमना नकाशामा शे का ती जागा?" त्यांनी मला विचारलं.

मी इतकी वर्षं लोकांना त्यांच्या जागा दाखवल्या. बारीकसारीक खांब, पडीक विहिरी, कुणाच्या मालकीच्या नसलेल्या वाटासुद्धा दाखवल्या. आणि या बाईला मला सांगावं लागलं, "नाही, आई. नकाशात ते दाखवत नाहीत."

"मंग ऱ्हाऊ द्या कोरी," त्या म्हणाल्या.

पण मला राहवेना. धाकटे दीर अजून हयात होते, नव्या गावठाणात. पुढच्या रविवारी मी गाडी काढली. मागं सासूबाई आणि बायको, मांडीवर घडी केलेलं कापड. वणी ओलांडल्यावर सासूबाई एकदम म्हणाल्या, आपण उगाच चाललोय, मागं फिरवा. मी ऐकू न आल्यासारखं केलं. जावयाच्या बहिरेपणाचा कधी कधी उपयोग होतो.

म्हातारबुवा ओट्यावर बसले होते. वहिनीपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, पण पाठीत पार वाकलेले. पाणी झालं, चहा झाला, कांद्याचे भाव झाले. मग बायकोनं कापड ओट्यावर पसरलं. ते कौतुकानं वाकून बघू लागले, कुणाचा उंबरा कुठला ते ओळखू लागले. आपल्या घराच्या तुटक्या कोपऱ्यावर बोट आलं तसे हसले.

"हाऊ कोपरा मी फोडेल शे! लाकडं फोडताना कुऱ्हाड बसनी. बाप केवढा बोलना!"

मग त्यांचं बोट मागच्या दारातून बाहेर निघालं आणि कोऱ्या जागेवर थांबलं. तिथे माझ्या खडूचे पुसट डाग होते. त्यांचं हसू गेलं.

बायको म्हणाली, "काका, आईला विचारायचंय. बाळाला कुठे ठेवलं होतं?"

म्हातारबुवांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. सासूबाई खाली मान घालून बसल्या होत्या, डोक्यावर पदर, अगदी नव्या सुनेसारख्या.

"शहात्तर पावलं," ते म्हणाले. "मागला दारपाईन, ओहळना काठेकाठे, करंजना झाडपावत. शहात्तर."

मागच्या दारापासून, ओहोळाच्या काठानं, करंजाच्या झाडापर्यंत. मी थक्क झालो. इतकी वर्षं हा आकडा यांनी कसा धरून ठेवला? विचारलं तेव्हा म्हणाले की निघतानाच त्यांच्या वडिलांनी, लेकरू छातीशी धरलेलं असताना, त्यांना सांगितलं होतं: "पावलं मोज. तुन्ही वहिनी एक दिन इचारी, तवय सांगजो." सासऱ्यांना सुनेशी बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तिच्यासाठी पावलं मोजायला लावली आणि ती धाकट्या मुलाकडे ठेवायला दिली. मुलानं ती सांभाळली. रोज सकाळी तोंड धुताना एकदा आठवायचे, म्हणाले, विसरू नये म्हणून.

"वहिनी, तुम्ही इचारंच नही," ते म्हणाले.

"मी कशी इचारू, भाऊजी?"

विचारल्याशिवाय सांगायचं नाही, ही त्यांची रीत. विचारायचं नाही, ही यांची रीत. दोघांनी एकमेकांचा मान राखला आणि त्यात दोघांचं आयुष्य गेलं. मला त्या रितीचा भयंकर राग आला. पण त्याच वेळी एका माणसानं दुसऱ्याची शहात्तर पावलं इतक्या इमानानं जपली, याच्यापुढे माझी मान खाली गेली. जमिनीच्या कागदांवर सह्या, शिक्के, साक्षीदार असूनही लोक शब्द फिरवतात, ते मी रोज पाहिलंय. इथे एक आकडा फक्त, आणि तोही कुणी मागितलेला नाही.

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात हिशेब सुरू झालाच. पुरुषाची शहात्तर म्हणजे सासूबाईंची नव्वदेक होतील. मी त्यांना सांगितलं, "आई, नव्वद टाके घाला, बरोबर येईल." त्यांनी मांडीवरचं कापड जवळ ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरवंटा पुन्हा हॉलमध्ये आला. बायकोनं ओल्या फडक्यानं माझा खडू पुसून काढला. सासूबाईंना आता सुईचं टोक दिसत नव्हतं, नुसता पांढरा उजेड आणि त्यात सावल्या. डाव्या हाताच्या बोटानं आधीचा टाका चाचपायचा आणि त्याच्या पुढे सुई टोचायची, असं चाललं होतं. दिवसाला आठ-दहा टाके व्हायचे. कधी तेवढेही नाही. मी पर्यवेक्षकाची खुर्ची सोडली आणि खाली बसून कापड ताणून धरू लागलो. त्या सोळा सकाळी मी घरात एकदाही आगाऊ बोललो नाही, असं बायको सांगते. विक्रमच म्हणायचा.

करंजाच्या जागी त्यांनी बायकोच्या बाळंतपणातल्या एका जुन्या मऊ लुगड्याचा नखाएवढा तुकडा लावला. वाट तिथे पोचली. मी टाके मोजले, सवयच ती. नव्वद नव्हते. एकशेछत्तीस होते.

माझ्या तोंडावर आलं होतं की आई, नजर गेल्यामुळे मोजणी चुकली. मग मी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. भरला हंडा आणतानाचे टाके होते तसेच हे होते, बारीक, तोलून टाकलेले. त्यांनी दिराची पावलं घेतलीच नव्हती. त्या स्वतः चालल्या होत्या, नऊ दिवसांच्या बाळंतिणीच्या पावलांनी, छातीशी लेकरू धरून.

गावातल्या बाकी सगळ्या वाटांना दोन ओळी होत्या, जायची आणि यायची. इथे एकच होती. बायकोच्याही ते लक्षात आलं. तिनं पडद्यावरून एक ओवलेली सुई काढून आईच्या हातात दिली. "आई, यायची वाट राहिली ना?"

सासूबाईंनी सुई परत तिच्या हातात ठेवली. बोट त्या नखाएवढ्या तुकड्यावर टेकवलं.

"परत येवानी घाई नही माले," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, मला दिसत नाही, तेवढी शेवटची गाठ मारा.

मी आयुष्यात पहिल्यांदा दोऱ्याला गाठ मारली. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. त्यांनी बोटानं ती चाचपून पाहिली आणि बोट तिथेच राहू दिलं.